मुजावर मॅडमचं लिनक्स

परवा आमच्या हॉस्पिटलात नव्यानं आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मला कॅन्टीनमध्ये गाठलं. त्यांना मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. "देसाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले. विंडोज घेऊ, मॅक घेऊ, का ते लिनक्स टाकून देऊ? सगळ्यात सुरक्षित कुठलं ते एका शब्दात सांगा," म्हणाल्या. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ आहे. तरी उत्तर द्यायला तोंड उघडलं की माझ्या आधी मुजावर मॅडमचा आवाज कानात येतो. "एका शब्दात पायजे व्हय? मग देवाचं नाव घ्या आणि गप बसा."

नसीम मुजावर आमच्या ट्रस्टच्या कोल्हापुरातल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्त होऊन आता त्या कबनूरला भावाच्या शेजारी राहतात. आपल्याकडं कॉम्प्युटर म्हणजे लग्नपत्रिका छापायचं यंत्र असं लोक समजायचे, त्या काळात त्यांनी एम.सी.ए. केलं, तेही कबनूरहून कोल्हापूरला रोज एसटीनं येऊन-जाऊन. वडील यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. घराची मागची भिंत आणि मागांच्या शेडची भिंत एकच. जन्मापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळं मॅडमचं साधं बोलणंही नवख्याला भांडण वाटायचं. त्या फोनवर बोलायला लागल्या की वरच्या मजल्यावरची लॅबची माणसं म्हणायची, आज मॅडमनी कुणाला तरी धरलंय. मॅडम बिचाऱ्या आईला विचारत असायच्या, "हौ अम्मा, खाना खायी की नै?"

आमच्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात तसं त्याही 'मी आलो, मी गेलो'च म्हणायच्या. मुंबईहून आलेल्या एका सल्लागारानं त्यांना एकदा त्यावरून हसत टोकलं. मॅडम म्हणाल्या, "माझी भाषा राहू द्या तशीच. तुमचं बिल सुधारून आणा." त्या गृहस्थांनी पुढं कधी व्याकरण काढलं नाही.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. जिन्याखालची एक लांबट खोली, एका बाजूला सर्व्हरचं कपाट, दुसऱ्या बाजूला त्यांचं टेबल. मी खुर्चीवर टेकलो न टेकलो तोच त्या "पाणी पिऊन येतो" म्हणून उठून गेल्या. त्यांचा कॉम्प्युटर माझ्यासमोर सताड उघडा. कुणाकुणाचे पगार स्क्रीनवर दिसत होते. मी मांडीवर हात ठेवून भिंतीकडं बघत बसलो.

बऱ्याच वेळानं आल्या. "बघितलासा का न्हाय?"

"नाही."

"का?"

"तुमचं आहे म्हणून."

"ते बरं केलासा. पण लॉक का न्हाई केलासा? मी उघडं टाकून गेलतो ते दिसलं न्हाय व्हय?"

मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांनी मला घेतलं. नंतर सांगितलं की मुलाखतीला आलेले बाकीचे दोघं तर स्क्रीन वाचत बसले होते.

उघडा टाकलेला कॉम्प्युटर हा त्यांचा जन्माचा वैरी. कुणी लॉक न करता जागेवरून उठलं आणि मॅडम तिथून गेल्या, की त्या उभ्या उभ्याच त्या माणसाच्या नावानं सगळ्या हॉस्पिटलला निरोप टाकायच्या, 'आज माझ्याकडून सर्वांना लोणी डोसा.' आणि एकदा निरोप गेला की डोसा खिलवावाच लागायचा. नवीन लागलेल्यांना पहिल्या महिन्यात हा दणका बसायचाच. एकदा खुद्द आमचे अधीक्षक डॉ. शिरगावकर सापडले. स्वभावानं कडक माणूस, प्रसूतिशास्त्रातला मोठा दबदबा. डॉक्टर निरोप वाचून बाहेर आले, मॅडमकडं बघितलं आणि म्हणाले, "डोसा दावणगिरीच हवा ना?" मग डोसेवाल्याची गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली आणि वॉर्डबॉयपासून हृदयविकारतज्ज्ञापर्यंत सगळ्यांनी रांगेत उभं राहून खाल्लं. त्या दिवसापासून आमच्याकडं लोक चहाला उठताना आधी लॉक करतात. बाहेरच्या हॉस्पिटलातून आलेल्या माणसांना याचं फार नवल वाटतं.

'हॅकर' हा शब्द मॅडमच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या 'पावणा' म्हणायच्या. अनोळखी माणसाला आपण पावणं म्हणतो, तसंच. "पावणा कुठनं येतोय ते आधी बघा, मग दार बदला," हे त्यांचं नेहमीचं. कुणी अमक्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागं लागलं की त्या तीन प्रश्न विचारायच्या. ह्याला अपडेट कोण करणार, ह्याची किल्ली कुणाकुणाकडं राहणार, आणि हे बंद पडलं तर कॉपी कुठं हाय. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत सही करायच्या नाहीत.

आमच्या दोघांत कामाची वाटणी होती. काउंटर, वॉर्ड, हिशेब विभाग इथले सगळे कॉम्प्युटर विंडोजवरचे, ते माझ्याकडं. सर्व्हर सगळे लिनक्सवरचे, ते त्यांच्याकडं. त्यावरून आमचं कायमचं भांडण. पहिला चहा आला की सुरू व्हायचं.

"तुमचं विंडोज म्हंजे रंकाळ्याची चौपाटी. सगळं गाव तिथं. मग खिसेकापूबी तिथंच येणार की."

"आणि तुमचं लिनक्स?"

"गल्लीतलं घर. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांचं डोळं असत्यात."

यात खोटं काही नव्हतं. घराघरांत आणि ऑफिसांत जास्त कॉम्प्युटर विंडोजवरच चालतात, म्हणून व्हायरस लिहिणाराही आधी तेच डोळ्यांपुढं ठेवतो. लिनक्सचा कोड सगळ्यांना उघडा असतो, जगभरातली माणसं तो वाचतात, चूक सापडली की दुरुस्ती लवकर येते. शिवाय त्यात साध्या माणसाला साधेच अधिकार मिळतात, उगाच कुणीही काहीही बसवू शकत नाही. हे शेवटचं तत्त्व मॅडमना इतकं पटलेलं होतं की माझ्या विंडोजवरही त्यांनी ते जबरदस्तीनं आणलं. कुठल्याही डॉक्टरला स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्वतः काही बसवता येत नसे. त्यावरून झालेली भांडणं मीच निस्तरायचो.

दर गुरुवारी दुपारी ओपीडी पांगली की मी काउंटर-काउंटर फिरून अपडेट बसवायचो आणि मशीन बंद करून चालू करायचो. मॅडम दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज परत झोपलं व्हय तुमचं लेकरू?"

त्यांचं लाडकं म्हणजे रिपोर्टचा सर्व्हर. पेशंटला लॅबचा रिपोर्ट घरबसल्या बघता यावा म्हणून त्यांनी तो स्वतः उभा केला होता. गडहिंग्लजची नाहीतर राधानगरीची माणसं पूर्वी एका कागदासाठी दिवस मोडून यायची, ती घरी बसून मोबाईलवर रिपोर्ट बघायला लागली. फार मोठं काम होतं ते. आणि तो सर्व्हर चालू केल्यापासून एकदाही बंद पडला नव्हता. पाहुणे आले, विश्वस्त आले की मॅडम त्याच्यापुढं बसून एक आज्ञा टाइप करायच्या, आणि मशीन कधी चालू केलं होतं ते स्क्रीनवर यायचं. कित्येक वर्षांपूर्वीचं. "बघा," म्हणायच्या, आणि इतकंच म्हणून बाजूला व्हायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी दुसऱ्या कशानंही आलेलं पाहिलं नाही.

अजून एक सांगायचं म्हणजे त्यांचा 'कागदाचा दिवस'. वर्षातून काही वेळा, कुणाला फारसं आधी न सांगता, त्या सकाळी जाहीर करायच्या, आज दुपारपर्यंत कॉम्प्युटर बंद. पेशंटची नोंद कागदावर, रिपोर्ट कागदावर, औषधं कागदावर. नर्स वैतागायच्या, डॉक्टर चिडायचे. लॅबवाल्यांना तर त्यांनी रक्तगटाची हातानं लिहायची नोंदही कधी बंद करू दिली नाही. डॉ. शिरगावकर एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरच्या प्रमुख आहात, आणि आम्हाला त्याच्याशिवाय जगायला शिकवताय."

"तेच तर माझं काम हाय की, सर."

मग ती सकाळ आली. ओपीडी भरत आली होती. लॅबमधून फोन आला की रिपोर्ट उघडत नाहीत, फायलींची नावंच बदललीत. मॅडम आणि मी वर धावलो. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत लिहिलेला एकच मजकूर होता. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर संपर्क करा.

मॅडमनी तो पुरता वाचलाही नाही. खाली आल्या, सर्व्हरच्या कपाटाचं दार उघडलं आणि नेटवर्कच्या वायरी एकेक करून ओढायला लागल्या. मला म्हणाल्या, "वरच्या मजल्याची तुम्ही काढा." काही मिनिटांत सगळं हॉस्पिटल एकमेकांपासून तुटलं. मग त्यांनी रिसेप्शनचा माईक घेतला. त्यांना तशी माईकची गरज नव्हती. "मुजावर बोलतोय. आज कागदाचा दिवस. ह्यो सराव न्हाय."

त्याच वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबलेली एक बाई होती, आणि डॉ. शिरगावकरांना तातडीनं रक्त हवं होतं. तिचा रक्तगट, तपासणी, सगळं कुलूप लागलेल्या फायलींत. लॅबच्या माणसानं हातानं लिहिलेली नोंद काढली, नमुना पुन्हा जुळवून बघितला, चिठ्ठीवर रक्तगट लिहून दिला, आणि नर्स ती चिठ्ठी घेऊन जिना चढली. बाई वाचली. तिला यातलं काहीच ठाऊक नसणार. त्या दिवशी ओपीडी उशिरानं संपली, पण संपली. एकाही पेशंटला परत पाठवावं लागलं नाही.

मी विंडोजचे कॉम्प्युटर तपासत फिरत होतो. जवळजवळ प्रत्येकावर आत शिरायचा प्रयत्न झाल्याच्या खुणा होत्या, आणि कुठंही आत शिरता आलेलं नव्हतं. एक्स-रे मशीनला जोडलेला एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्याला अपडेट मिळायचं कधीच बंद झालं होतं, त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती. पण मॅडमनी त्याची नेटवर्कची वायर फार पूर्वीच काढून टाकली होती. तो सुखरूप होता. मला आनंद झाला आणि कोडंही पडलं. मग पावणा आला कुठून?

मॅडम जिन्याखालच्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. कोण केव्हा आलं, काय केलं, याची जी नोंद सर्व्हर स्वतः ठेवतो ती ओळ-ओळ वाचत होत्या. संध्याकाळी दार उघडून बाहेर आल्या. मी विचारलं, "कळलं?" त्या म्हणाल्या, "कळलं," आणि स्कूटर काढून घरी गेल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांची बैठक लागली. आमचे अध्यक्ष आबासाहेब, म्हातारे, सहकारात आयुष्य गेलेले, मनानं चांगले, पण गोष्ट लवकर मिटवायची सवय असलेले. त्यांच्यापर्यंत एक गोष्ट पोहोचली होती. नोंदणी काउंटरवरच्या सविता जाधवनं घटनेच्या आदल्या दिवशी ईमेलवर आलेली एक लग्नपत्रिका उघडली होती. ती पत्रिका नव्हती, व्हायरस होता. अँटिव्हायरसनं ती फाईल तिथंच अडवली, आणि सविता आपण होऊन आमच्याकडं येऊन सांगून गेली. चूक झाली तर लगेच सांगायचं, सांगणाऱ्याला कुणी ओरडणार नाही, हा मॅडमचाच नियम. सविताचा नवरा उद्यमनगरातल्या फाउंड्रीत होता, तिथं तेव्हा काम कमी झालेलं. घर तिच्या नोकरीवर चाललं होतं. बैठकीच्या बाहेर बाकावर ती पदर घट्ट आवळून बसली होती.

आबासाहेब म्हणाले, "म्हणजे कारण सापडलंच की. त्या बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणावं. आणि पेपरवाल्यांना सांगायचं, विंडोजमध्ये व्हायरस आला. लोकांना ते लगेच पटतं."

मी बोलायला उठलो. सविताची फाईल पुढं गेली नव्हती एवढं मला माहीत होतं, पण मग कुठून आलं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मॅडमनी हातानंच मला खाली बसवलं.

"सविताचा काय संबंध न्हाय. विंडोजचाबी न्हाय. पावणा माझ्या सर्व्हरमधनं आलाय."

डॉ. शिरगावकर म्हणाले, "पण मॅडम, तो तर तुमचा लिनक्स ना?"

"व्हय. लिनक्सच. त्यात एक भोक सापडलंतं, आणि त्याची दुरुस्ती कवाच आलीती. ती बसवायची तर मशीन एकदा बंद करून चालू करायला लागतं. मी केलं न्हाय." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं, हे मला शेजारी बसून कळत होतं. "कवापासनं बंद पडलं न्हाय ते तुम्हास्नी दाखवायचं व्हतं मला. म्हणून केलं न्हाय."

आबासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे दुसऱ्या कुणाला शोधून काढता आलं असतं?"

"हितं तरी न्हाय."

"मग सांगितलंत कशाला?"

"एक तर ते खरं हाय म्हणून. आणि सवितानं आपणहून येऊन सांगितलं, आज तिलाच काढलासा तर उद्यापासनं ह्या हॉस्पिटलात कोण कायबी सांगणार न्हाय. मग मी कुठलंबी मशीन लावलं तरी काय उपयोग?"

"मग शिक्षा कुणाला करायची?"

"मला."

"तुम्हाला काढलं तर हे सगळं चालू कोण करणार?"

"ते मीच करणार. चालू करतो, मग काढा."

आबासाहेबांनी मॅडमकडं बघितलं. घरातल्या थोरल्या लेकीकडं बघावं तसं. कुणीतरी सुचवलं की कुलूप घालणारे मागतील ते पैसे देऊन मोकळं व्हावं. मॅडम म्हणाल्या, "कशाला? माझ्याकडं कॉपी हाय." ती होतीच. दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क कुठल्याही मशीनला न जोडता लोखंडी कपाटात ठेवायची, हे काम त्या स्वतः करायच्या. पावण्याचा हात तिथवर पोहोचला नव्हता.

त्या बैठकीत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या नोकरीत याहून मोठ्या पदाच्या माणसांशेजारी मी बसलोय. पण आपण कुणाबरोबर काम करतो हे अभिमानानं सांगावं, असं मला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं पुन्हा वाटलेलं नाही. पेपरात खरी बातमी गेली. हॉस्पिटलचं नाव जाईल असं विश्वस्तांना वाटत होतं. उलट बाहेरच्या दोन हॉस्पिटलांचे लोक आम्हाला भेटायला आले, आमच्याकडंही असंच झालं होतं, पण आम्ही दडवलं, म्हणून खालच्या आवाजात सांगून गेले.

पुढचे दिवस कामाचे होते. कॉपीवरून जुनं सगळं परत आलं. मधल्या काही दिवसांच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भरायच्या होत्या, त्या सवितानं आणि तिच्या काउंटरच्या बायकांनी भरल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या जेवणाची सुट्टी सोडून बसायच्या. रिपोर्टचा सर्व्हर मॅडमनी मुळापासून नवा बांधला. पहिल्या गुरुवारी मी अपडेटला निघालो तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"देसाई, माझंबी आज झोपवायचं. शिकवा कसं ठरवलायसा ते वेळापत्रक."

मी म्हटलं, "मॅडम, मी काय शिकवणार?"

"जे मी एवढी वर्षं करत नव्हतो ते. चला."

ट्रस्टनं त्यांना लेखी ताकीद दिली आणि त्या वर्षीची बढती थांबवली. तो कागद त्यांनी सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं चिकटवला. नवीन माणूस विभागात लागला की त्याला पहिल्या दिवशी दार उघडून तो वाचायला लावायच्या. वाचताना स्वतः शेजारी उभ्या राहायच्या.

त्यानंतर वारणानगरच्या बाजूच्या एका अभियांत्रिकी कॉलेजनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. मी सोबत गेलो. पोरांनी मोठा फलक लावला होता, 'विंडोज की लिनक्स की मॅक? सर्वात सुरक्षित कोण?' सभागृहात कुस्तीच्या फडासारखे दोन तट पडलेले. लिनक्सवाल्यांना वाटलं, आपली बाजू मांडायला बाई आल्यात. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा लिनक्सचा सर्व्हर फुटला. माझ्या हलगर्जीपणानं. तिथनं सुरू करू."

टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, बंद न पडण्याची फुशारकीसुद्धा. मग एकेक घेतलं. विंडोज पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आज त्यात चांगलं संरक्षण मुळातच येतं, पण ते बंद करून चोरीचं सॉफ्टवेअर बसवणारा माणूसही आपल्याच घरात असतो. मॅकमध्ये बाहेरचं काही शिरायला अवघड आहे, म्हणून मॅकवाला गाफील राहतो, आणि पासवर्ड मागणाऱ्या खोट्या पानाला मॅक काय, विंडोज काय, सारखंच. लिनक्सचं घर पक्कं, पण कुलूप कुठलं, कधी लावायचं, हे सगळं मालकावर सोडलेलं. मोबाईलचं तर सगळ्यात वाईट, अपडेट यायचं बंद झालेल्या जुन्या फोनवर लोक बँक चालवतात. तुलना करायची तर करा, म्हणाल्या, जरूर करा, पण पेटीतनं काढलेल्या नव्या मशीनची करू नका. तीन वर्षं माणसानं वापरलेल्या मशीनची करा.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, हे सगळ्यांपुढं सांगताना तुम्हाला लाज नाही वाटत?"

सभागृहात कुजबुज झाली. प्राचार्य अस्वस्थ झाले. मॅडम मात्र तिच्याकडं नीट बघून म्हणाल्या, "वाटती की. म्हणून तर लक्षात ऱ्हातंय."

परत येताना त्यांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला आणि ती मुलगी कुठली असेल, पुढं काय करेल, याच्यावर बोलत राहिल्या. तिला स्वतःचा नंबर देऊन आल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आबासाहेब थोडं बोलले. नंतर मॅडम शाल खुर्चीवर टाकून मला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेल्या. "एक काम राहिलंय. बसा." स्वतःच्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं आणि सगळ्या सर्व्हरांच्या मुख्य किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, बदलायला आणि त्यांचं स्वतःचं खातं बंद करायला सांगितलं. मी टाइप करत होतो तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, बघितलंत तरी काय होणार आहे?"

"मला आता ठाऊक असायचं कारण न्हाय. टाका तुम्ही."

झाल्यावर त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसल्या. स्वतःचं नाव टाइप केलं, मग इतकी वर्षं बोटांत बसलेला पासवर्ड. एंटर दाबलं. मशीननं परवानगी नाकारली. त्यांनी पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर बघत टाइप केलं. पुन्हा नकार आला. मग शेजारच्या सर्व्हरवर, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडं तेच.

मला ते बघवत नव्हतं. मॅडम मात्र शेवटच्या स्क्रीनवरची ती ओळ वाचून मागं टेकल्या आणि मनापासून हसल्या.

"झ्याक केलासा, देसाई," म्हणाल्या. मग पर्स उचलली, ओढणी नीट केली आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडल्या.